शांतीच्या पत्राची शेवटची ओळ

जगात शांती नांदावी म्हणून आमच्या सोसायटीतल्या बायकांनी पत्रं लिहायची असं ठरलं, तेव्हा मी पहिलं विचारलं, कुणाला? खरं सांगते, त्याचं धड उत्तर मला आजपर्यंत कुणी दिलेलं नाही. तरी पत्रं लिहिली गेली, ढीगभर लिहिली गेली, आणि त्यात जे काही झालं ते चांगलं की वाईट हे मला अजून सुधरत नाही.

आमची सोसायटी घाटकोपरला, डोंगराच्या बाजूला. चार मजले, लिफ्ट नाही, पाणी सकाळी तासभर. दर गुरुवारी दुपारी आमच्याच घरी बायकांचं भजन असतं. भजन कमी, गप्पा जास्त, पण टाळ बाहेर काढतो एवढं खरं. त्या दिवसांत घराघरात टीव्हीवर युद्ध चालू होतं. कुठलं ते मला विचारू नका. एक विझत आलं की दुसरं पेटायचं, आणि आमचे हे रिटायर झाल्यापासून सकाळचा चहा क्षेपणास्त्रांबरोबरच घेतात. कुणाचं विमान कुठे पडलं ते त्यांना तोंडपाठ. सिलिंडर संपत आलाय हे मात्र मी सांगायचं.

तर एका गुरुवारी तिसऱ्या मजल्यावरची सून म्हणाली, आपण नुसतं बघत बसायचं का? काहीतरी करूया ना. ही मुलगी घरून लॅपटॉपवर काम करते, हुशार आहे, पण बोलताना तिचे डोळे चटकन भरून येतात. तिनं कुठल्याशा उद्ध्वस्त शहरातल्या लहान मुलांचे फोटो पाहिले होते आणि दोन दिवस तिला जेवण गेलं नव्हतं. ती म्हणाली, बायकांनी शांतीसाठी पत्रं लिहायची. जगभर बायका असं करतात म्हणे.

मग सुरू झाला गोंधळ. एक म्हणाली, आपल्या सरकारला लिहू. दुसरी म्हणाली, लढतायत दुसरेच, आपल्या सरकारला काय लिहायचं? मग जे लढतायत त्या दोघांना लिहू. आणि मधे तिसरा पडलाय त्याला? सून म्हणाली व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवूया. त्यावर काकी म्हणाल्या की रोज सकाळी गुलाबाच्या फुलासकट शांती येते फोनवर, मी न बघता पुसून टाकते. काकी म्हणजे आमच्या भजनाच्या प्रमुख. पंचाहत्तरी उलटली, पण आवाज असा की तळमजल्यावर सूर लावला तर गच्चीवरची कबुतरं उडतात. काकींनी सांगितलं, पत्र म्हणजे पोस्टकार्ड. हातानं लिहिलेलं. ते कुणी सहजासहजी फेकत नाही.

शेवटी ठरलं ते असं. प्रत्येकीनं शांतीचं एक पत्र मराठीत लिहायचं आणि एका पत्त्यावर टाकायचं. शिवाय आपल्या ओळखीच्या पाच जणींना कार्ड लिहून सांगायचं की तुम्हीही असंच करा. भरपूर पत्रं जमली की त्यांचा गठ्ठा, वर इंग्रजीत एक पत्र जोडून, सगळ्या देशांचं मिळून परदेशात जे मोठं कार्यालय आहे तिथं धाडायचा. मी म्हटलं, त्यांना मराठी कळणार कसं? काकी म्हणाल्या, एवढं मोठं कार्यालय, वाचायला पगारी माणसं ठेवली असतील.

पत्ता कुणाचा? माझा. कारण काय, तर मी तळमजल्यावर राहते, आमच्या पत्रपेटीला कुलूप आहे, आणि मी तीस वर्षं अंधेरीला एका कंपनीत टायपिस्ट होते. कागद दिसला की तो घरंगळत माझ्याकडेच येतो, हे माझं नशीबच आहे.

मसुदा आधी सुनेनं लिहिला. तो ऐकून काकी म्हणाल्या, बँकेची नोटीस वाटते. मग काकींनी स्वतः लिहिला, सप्रेम नमस्कार विनंती विशेष अशा थाटात. आम्ही साध्या घरच्या बायका आहोत, लढाईत कुणाचंच भलं होत नाही, सगळ्यांची मुलं सुखरूप राहोत, हे युद्ध थांबावं, एवढंच. मी ऱ्हस्वदीर्घ तपासलं आणि छान झालंय म्हटलं. खरंच छान झालं होतं. पोस्टात कार्डं आणायला गेलो तर खिडकीवरचा माणूस आमच्याकडे बघत राहिला. कसली स्पर्धा आहे का मॅडम, असं त्यानं विचारलं. सून म्हणाली, शांतीसाठी आहे. त्यानं मान डोलावली आणि आत जाऊन कपाटातून धुळकट गठ्ठा काढून दिला.

पहिले पंधरा दिवस आमची आमचीच पत्रं आली. म्हणजे चौथ्या मजल्यावरून निघालेलं कार्ड टपालखात्याला वळसा घालून तळमजल्यावर. बाकी पेटीत विजेचं बिल आणि झुरळं मारणाऱ्यांची जाहिरात. सुनेचा चेहरा उतरला. आमचे हे म्हणाले, तुमच्या पत्रांची धास्ती घेऊन अजून कुणी रणगाडा मागे घेतलेला नाही. मी त्यांना दुपारी आमटी तशीच गार वाढली.

आणि मग काय झालं कुणास ठाऊक, पत्रांचा पाऊस सुरू झाला. मुलुंडहून आली, गोवंडीहून आली, बोरिवलीहून तर गठ्ठ्यानं. सांताक्रूझच्या एका बाईनं दोन-दोन पाठवली. पोस्टमन पेटीत मावत नाहीत म्हणून दार वाजवून हातात द्यायला लागला. मी तर फुगले. रिटायर झाल्यापासून मला कुणी विचारत नव्हतं, आणि आता माझ्या नावानं अर्ध्या मुंबईतून टपाल येत होतं. सून रोज संध्याकाळी येऊन गठ्ठ्यावरून हात फिरवून जायची. म्हणायची, काकू, बघा, बायकांना मनापासून वाटतंय.

पण मी ती पत्रं वाचत होते ना. आणि वाचता वाचता माझं डोकं चालेनासं झालं. शांतीबद्दल चार ओळी असायच्या, काकींच्याच. पण खाली वेगळंच काहीतरी. एकीनं लिहिलं होतं, उशीर झाला, राग नसावा. दुसरीनं लिहिलं होतं, सासूबाई दवाखान्यात असल्यामुळे नववा दिवस टळला, चालेल का ते कळवावे. एकीची चार कार्डं लिहून झाली होती, पाचवी बाई सापडत नव्हती. शेजारीण आहे, पण तिच्याशी आमचं बोलणं नाही, तिला लिहिलं तर धरतात का, असं तिनं विचारलं होतं. आणि एका थरथरत्या अक्षरात होतं, आमच्याकडून काही चुकलं असल्यास घरच्या माणसांना क्षमा असावी.

नववा दिवस कसला? क्षमा कसली? आणि मी कोण क्षमा करणारी? मी काकींना विचारलं. त्या टाळाची दोरी तपासत म्हणाल्या, अगं बायका भोळ्या असतात, लिहितात काहीबाही. यांना विचारलं तर म्हणाले, परीक्षेचा फॉर्म उशिरा भरल्यासारखं लिहितायत सगळ्या. मला हसू आलं, पण ते थरथरतं अक्षर मी पुन्हा काढून बघितलं. जगात शांती हवी म्हणून लिहिणारी बाई इतकी घाबरलेली का?

आता कोळणीचं सांगते. आमच्याकडे वीसेक वर्षं एकच कोळीण येते, खाडीकडच्या कोळीवाड्यातली. बुधवार, शुक्रवार, रविवार. आम्ही दोघी बरोबरीच्या, आणि दोघींची जीभ तिखट. मी तिच्या बोंबलांना शिळे म्हणायचं आणि तिनं माझ्या जातीला कंजूष म्हणायचं, त्याशिवाय आमचा व्यवहार पुरा होत नाही. तिचा एकुलता एक मुलगा दोन वर्षांपूर्वी आखातात कामाला गेला, मोठ्या जहाजांना बंदरात ओढून आणणाऱ्या टग बोटीवर. तो गेला तेव्हा तिनं आम्हा सगळ्यांना पेढे वाटले होते, आणि मला कोलंबी फुकट दिली होती. मी तेव्हाच समजले की ही मनातून रडतेय.

ती गुरुवारी आली. गुरुवारी आमच्या सोसायटीत मासळी कुणी घेत नाही आणि तीही फिरकत नाही, म्हणून दारात तिला बघितल्याबरोबर मी टाळ खाली ठेवून उठले. डोक्यावर टोपली नव्हती. चपला बाहेर काढल्या होत्या, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा ती माझ्या घरात पाऊल टाकत होती. आत भजन चालू होतं. एकेकीचे टाळ थांबत गेले.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, “ताई, मी लिवते पत्र. माजा पोर सोडवा.”

मला काही कळेना. मला वाटलं कुणी मुलाला पळवून नेलं, पैसे मागतायत. मी तिला बसवलं, पाणी दिलं. तिनं पाणी घेतलं नाही. कमरेच्या बटव्यातून एक पोस्टकार्ड काढलं. चार घड्या पडलेलं, ओलं, मासळीचा वास येणारं. वर कुणा परक्या बाईच्या अक्षरात आमचा शांतीचा मजकूर. खाली माझा पत्ता. आणि त्या दोन्हींच्या मधे एक ओळ, जी मी तपासलेली नव्हती.

हे पत्र मिळाल्यापासून नऊ दिवसांत पाच जणींना लिहावे व खालील पत्त्यावर पोच द्यावी, जी लिहील तिच्या घरी सुखशांती नांदेल, जी टाळील तिचे घराबाहेर गेलेले माणूस परत येणार नाही.

मी ते तीनदा वाचलं. खाली माझं नाव, माझी खोली, माझं घाटकोपर. म्हणजे त्या सगळ्या बायका मला लिहीत होत्या ते असं. मी जणू यमाची टायपिस्ट.

कोळणीचं झालं होतं ते असं. ते कार्ड तिला पोस्टानं आलं. कुणा गिऱ्हाइकानं धाडलं असावं. तिला वाचता येत नाही. जाहिरात असेल म्हणून तिनं त्याच्या घड्या घातल्या आणि बाजारात तिची फळी डुगडुगते तिच्या पायाखाली सारलं. बरेच दिवस ते तिथंच होतं. मग शेजारी बसणाऱ्या दुसऱ्या कोळणीलाही तसंच कार्ड आलं. तिनं आपल्या मुलीकडून वाचून घेतलं, घाबरून पाच लिहिली, आणि हिला विचारलं, तुला आलं का? तेव्हा कुठे हिनं फळीखालचं काढून त्याच मुलीकडून वाचून घेतलं. नऊ दिवस केव्हाच उलटून गेले होते. आणि मुलाचा फोन आठवडाभर आला नव्हता. टीव्हीवर आखातातल्या कुठल्याशा बंदराजवळ आग दाखवत होते. तिनं सगळं त्या कार्डाशी जोडलं.

मी म्हटलं, अगं हे खोटं आहे. कुणीतरी उगाच लिहिलंय. अशा कार्डानं कुणाला काही होत नसतं.

“खोटं हाय तर लिवलं कशाला?” ती म्हणाली. “आनि पत्ता तुमचाच कसा?”

सून रडायच्या बेतात. बाकीच्या बायका चटईकडे बघत बसलेल्या. काकी टाळाला दोरी गुंडाळत होत्या, एक वेढा, दुसरा वेढा. मग त्यांनी टाळ खाली ठेवले आणि म्हणाल्या, “ती ओळ मी घातली.”

सरळ म्हणाल्या. लाज नाही, भीती नाही. पंधरा दिवसांत बाहेरचं एक कार्ड आलं नव्हतं, तेव्हा त्यांनी नवीन मसुदा केला आणि ओळखीच्या भजनीमंडळांत दिला. त्यांच्या तरुणपणी देवीच्या नावानं अशी पत्रं यायची, सगळ्या बायका लिहायच्या, तेवढं खरं, माझ्या आईनंही लिहिलेली मला आठवतात. त्यांचं म्हणणं, नुसतं शांती शांती म्हटलं म्हणून आपल्या बायका जेवणाची भांडी टाकून पोस्टात जात नाहीत. भीती घातली की जातात. आणि गेल्या की नाही? गठ्ठा बघ तुझ्या घरातला. शांतीसाठी थोडं घाबरवलं तर बिघडलं काय? त्यावर सून जवळजवळ ओरडलीच की काकी, ते बॉम्ब टाकणारेही हेच म्हणतात. काकींनी तिच्याकडे असं बघितलं की तिला मुलुंडच्या माहेरी परत पाठवतील.

कोळणीला या भांडणात काही रस नव्हता. ती काकींसमोर जाऊन बसली. “तुमी लिवलं का? मंग तुमीच सोडवा.”

काकींनी टाळ पुन्हा उचलले आणि गुंडाळलेली दोरी सोडून नव्यानं गुंडाळायला घेतली.

मी तिला कशीबशी समजावून घरी पाठवलं. उद्या ये, आपण बसून लिहू, म्हटलं. काय लिहू, कशाला लिहू, माझं मला माहीत नव्हतं. संध्याकाळी मी काकींकडे भांडायला गेले. चांगली तयारी करून गेले होते, जिन्यात दोन-चार वाक्यं म्हणूनही बघितली. त्यांनी दार उघडलं, चहा ठेवला आणि माझ्याकडे पाठ करूनच बोलल्या. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांनाही देवीचं पत्र आलं होतं. थोतांड म्हणून त्यांनी ते चुलीत घातलं. “त्यानंतर काय झालं ते तुला ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. ते आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांचं पहिलं मूल राहिलं नाही. मी म्हटलं, काकी, त्याचा आणि पत्राचा काय संबंध? त्या म्हणाल्या, नसेलही. पण तेव्हापासून मी कुठलं पत्र मोडलं नाही, साखर किती घालू?

भांडायला गेले होते आणि चहा पिऊन आले. त्यांचा राग करावा की कीव, मला समजेना. घरी येऊन लेकीला पुण्याला फोन लावला, उगाचच. तिनं विचारलं, काय गं आई, बरी आहेस ना? मी म्हटलं, मी बरी आहे, तू बरी आहेस ना? ती म्हणाली, मला काय झालंय? मी फोन ठेवला आणि स्वतःवरच चिडले. एवढी शिकलेली बाई मी, आणि फोन कशाला केला ते मला चांगलं माहीत होतं. मी स्वतः पाच जणींना कार्डं लिहिलीच नव्हती.

शुक्रवारी सकाळी कोळीण आली, पुन्हा बिनटोपलीची. स्वयंपाकघरात जमिनीवर बसली. मी रात्रभर विचार केला होता आणि काही ठरलं नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. लिहून दिलं तर ते खोटं मी माझ्या हातानं खरं करणार. नाही दिलं, आणि देव न करो त्या मुलाला काही झालं, तर ही बाई जन्मभर त्या फळीखालच्या कार्डाला दोष देत बसणार, म्हणजे स्वतःलाच. शेवटी मी म्हटलं, लिहिते, पण ती शेवटची ओळ नाही लिहिणार.

ती म्हणाली, नाही. जसंच्या तसं लिवा. मधलं काय गाळलं आणि नेमकं तेच लागू पडनारं असलं तर?

लिहिलं. पाचही वेळा लिहिलं. तीस वर्षं साहेबांची खोटी पत्रं टाईप केली, माल उद्या पोचतोय, चेक काल निघालाय, हात कधी अडखळला नाही. या ओळीशी मात्र दर वेळी पेन थांबायचं. मला शरम वाटत होती, आणि ती समोर बसून प्रत्येक अक्षराकडे असं बघत होती जसं मी तिच्या मुलाला टाके घालतेय. पाच नावं तिनं सांगितली, तिच्या बहिणीचं, दोन कोळणींचं, दोन गिऱ्हाइकांचं. मग मी विचारलं, तुझं स्वतःचं शांतीचं पत्र? मोठ्या लोकांना काय लिहू? ती म्हणाली, माजा पोर घरी धाडा असं लिवा. मी म्हटलं, युद्ध थांबवून धाडा, असं घालू का? तिनं थोडा विचार केला. म्हणाली, त्यांना जसा धाडाया जमंल तसा धाडूदे.

ती गेली आणि मी पाचही कार्डं फ्रिजवर ठेवली. संध्याकाळी टाकते असं तिला सांगितलं होतं. संध्याकाळी गुडघा दुखत होता. शनिवारी सकाळी भाजी आणायला गेले, पोस्टाची पेटी वाटेतच, पण कार्डं न्यायला विसरले. विसरले असं मी म्हणते. टाकायची आहेत की नाहीत हेच मला ठरवता येत नव्हतं, म्हणून पायच तिकडे वळत नव्हते.

त्या मोठ्या गठ्ठ्याचं काय झालं ते इथंच सांगून टाकते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. पुढे महिन्याभरानं सुनेनं तो धाडला, वर इंग्रजी पत्र जोडून. धाडावा की नाही यावर आमची पुष्कळ वादावादी झाली. भीतीपोटी लिहिलेल्या पत्रांना शांतीची पत्रं म्हणायचं का? सून म्हणत होती नाही, काकी म्हणत होत्या शाई तीच ना. मला दोघींचंही पटत होतं, त्यामुळे मी कामाची नव्हते. शेवटी एवढ्या बायकांनी लिहिलंय ते रद्दीत कसं घालायचं, म्हणून सुनेनंच तो बांधला. पोच आली नाही. आणि काकींची ती ओळ, ती काही परत बोलावता येत नाही. अजून कधीतरी कार्ड येतं पेटीत. काकी अजून भजनाला सूर लावतात. आम्ही कुणी तो विषय काढत नाही.

तर रविवारी सकाळी फाटकातून ओळखीची आरोळी आली. मी धावतच दार उघडलं. टोपली होती डोक्यावर. मला बघून ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली, टोपली उतरवायचंही तिला सुचेना, मीच हात दिला. मुलाचा फोन आला होता, शनिवारी दुपारी. त्या बंदराजवळ धोका होता म्हणून कंपनीनं सगळ्या बोटी दूर नेऊन उभ्या केल्या होत्या, फोन बंद ठेवायला लावले होते. मुलगा म्हणाला, आये, रडतेस काय, रोज डाळभात खाऊन कंटाळलो नुसता. ती माझे हात धरून म्हणाली, ताई, तुमी पत्र टाकलंत म्हनून.

मला इतका आनंद झाला होता की काय सांगू. आणि त्या आनंदातच माझा टायपिस्टपणा जागा झाला. मी आत गेले, फ्रिजवरची पाचही कार्डं आणली आणि तिच्यासमोर धरली. म्हटलं, बघ. टाकलेलीच नाहीत. इथंच पडून आहेत. तरी तुझ्या मुलाचा फोन आला. मी म्हणत नव्हते खोटं आहे सगळं? आता फाडून टाकू या.

मला वाटलं ती माझ्यावर भडकेल, नाहीतर दोघी मिळून पोट धरून हसू. तिनं दोन्ही केलं नाही. ती उंबरठ्यावर बसली. कार्डं हातात घेतली, पत्त्यांसारखी पसरून बघितली. टोपलीवरचा बर्फ वितळून पाणी दारात साचत होतं.

मग म्हणाली, “फाडू नका. टाका.”

मी म्हटलं, आता कशाला? तुझा मुलगा बरा आहे ना?

“बोटीवर माजा एकलाच नाय.” मग तिनं सांगितलं. एक मालवणचा आहे, एक बंगाली आहे, एक कुठला कोण, त्याची भाषाच कुणाला येत नाही, पण भात तोच शिजवतो सगळ्यांचा. फोन सगळ्यांचेच बंद होते. अजून कधी बंद होतील काय सांगावं. लढाई काय थांबलेली नाही. तेव्हा पत्र तर जायलाच पाहिजे.

मी मान डोलावली आणि कार्डं पिशवीत घालायला घेतली. तिनं माझा हात धरला.

“ती शेवटची वळ खोडा आदी.”

शुक्रवारी जसंच्या तसं लिवा म्हणून बसलेली बाई ती हीच. मी म्हटलं, अगं, ती ओळ काढली तर कुणी लिहिणार नाही. काकींचं तेवढं खरं आहे, आम्ही बघितलंय. पाचातली एकही लिहिणार नाही.

“नाय लिवलं तर नाय लिवलं,” ती म्हणाली. “जिला पत्र जाईल, तिचा पन कोन तरी भाईर असंल ना. हे दिवस मी कसं काडलं ते मला म्हाईत.”

मी पेन आणलं. उंबरठ्यावर तिच्या शेजारी बसून एकेका कार्डावरची ओळ खोडायला लागले, आडवी रेघ, मग उभी, मग सगळीच गिचमिड. एक झालं की ती माझ्या हातातून घ्यायची, जिन्याच्या खिडकीकडे उजेडात धरायची, उलटसुलट करायची. एक अक्षर वाचता न येणारी बाई, पण कार्ड असं तपासत होती की माझा कुठलाही साहेब लाजला असता. चार कार्डं तिनं बाजूला ठेवली. पाचवं उजेडात धरलं आणि त्यावर बोट ठेवलं.

“हितं दिसतंय अजून,” ती म्हणाली.

मला काही दिसत नव्हतं. मी कार्ड घेतलं आणि पुन्हा खोडायला लागले.